पोपटाचा पंचनामा

सर्व संबंधितांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, अनगोळातल्या आमच्या घरचा पोपट सकाळी पिंजऱ्यातून फरारी झाला. माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं; तिच्याखेरीज जो हात लावील त्याला तो चावायचा. आता तो समोरच्या चिंचेवर बसला होता आणि खाली गल्लीतला बोका शेपटी हलवत होता.

मदतीला धावले ते शेजारचे अण्णा. ते बेळगावच्या कोर्टात कारकून. दर दोन वाक्यांमागे ‘सबब’ म्हणायचे आणि प्रत्येक सबबीला नाकाचा शेंडा चोळायचे. आल्या आल्या दौत-टाक मागवून त्यांनी रिकाम्या पिंजऱ्याचा पंचनामा सुरू केला.

“पोपट शेवटचा कुणी पाहिला?”

“आत्ता बघतोयच की वो! त्यो काय चिंचंवर!” मी ओरडलो.

“तसं नव्हे. पिंजऱ्यात असताना कुणी पाहिला? सबब, सगळ्यांनी जागेवरच बसावं.”

बोका अर्ध्या बुंध्यावर पोचला तरी आमच्या सह्या चालूच होत्या. शेवटची सही वाळली आणि हा पन्नाशीचा माणूस धोतर खोचून सरसर चिंचेवर चढला, बोक्याला हुसकावून पोपट कोटात घालून खाली आला. पोपटाने फोडलेल्या बोटातून रक्त ठिबकत होतं. आक्काने हात पुढे केले, तर अण्णा मागे सरले.

“पोपट तुमचाच, याची खूण काय?”

सकाळपासून पाणीही न प्यालेली आक्का कडाडली, “तुमास्नी कडकडून चावला न्हवं? मग माझाच हाय! द्या हिकडं!”