भाषा सुधारावी

"मी भित्रा माणूस हाय, लिहून घ्या."

नव्या माणसाशी ओळख झाली की मामा आधी हे सांगून टाकत. नाव, गाव, डिपार्टमेंट सगळं त्यानंतर. समोरचा हसला की तेही हसत, पण शब्द मागे घेत नसत.

रांजणगावच्या एमआयडीसीत पत्र्याचे पार्ट बनवणारा आमचा कारखाना आहे. मामा तिथं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होते. वय छप्पन-सत्तावन्न, अंगानं किरकोळ, खिशाला कायम दोन पेनं. न्हावऱ्याच्या पुढे, इनामगावच्या बाजूला त्यांची वस्ती. शॉपमधले सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणे. मी सेफ्टी डिपार्टमेंटचा असिस्टंट. बी.ए. मराठी झालेला माणूस सेफ्टीत कसा आला हे विचारू नका. शिरूर तालुक्यात बी.ए. मराठी झालेली माणसं कुठंही सापडतात.

मामा कशाकशाला भीत? कुत्र्यांना, वाळूच्या डंपरना, सुनेच्या कुकरला, अनोळखी नंबरच्या फोनला. फर्स्ट शिफ्टची बस गाठायला त्यांना वस्तीवरून रस्त्यापर्यंत उसाच्या कडेनं चालत यावं लागे. आमच्याकडे उसात बिबट्या असणं ही आता बातमी राहिलेली नाही. मामा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मोठ्यांदा भजन लावलेला मोबाईल असे येत, आणि बसमध्ये चढल्यावरसुद्धा दोन थांबे जाईपर्यंत भजन बंद करायचं त्यांच्या लक्षात येत नसे. ड्रायव्हर वैतागे.

सेफ्टी वीकला आमच्याकडे निबंधस्पर्धा असते. विषय दरवर्षी तोच, 'सुरक्षा आणि मी'. लोक मोबाईलवरून उतरवून काढतात, त्यामुळे दहा निबंध वाचले तर दहाही सारखेच. त्या वर्षी एक निबंध वेगळा निघाला. 'मी मशीनला भितो. सकाळी आल्यावर मी तिला आधी लांबून बघतो. मग जवळ जातो.' परीक्षक मीच होतो. मी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, म्हणजे स्टीलची पाण्याची बाटली, आणि खाली लाल पेनानं शेरा मारला: 'विचार चांगले. भाषा सुधारावी.'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा बाटली घेऊन माझ्या टेबलापुढं उभे.

"साहेब, भाषा सुधारावी म्हणताय. कशी सुधारायची त्ये पण सांगा की."

असे शेरे शाळेपासून तुम्हीआम्ही सगळ्यांनीच खाल्लेत. त्यावर कुणी खुलासा मागितल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. काहीतरी सांगायचं म्हणून म्हणालो, "रोज दहा ओळी लिहा. जे झालं तेच लिहा." मला वाटलं, आठवडाभरात हौस फिटेल.

मामांनी दोनशे पानी वही घेतली. बसच्या थांब्यावर, कँटीनच्या रांगेत, शिफ्ट सुटल्यावर, जिथं जमेल तिथं लिहायचे. विषय एकच, आज कशाला भ्यालो. 'थांब्यावर म्हातारं कुत्रं बसलं होतं. ते माझ्याकडं बघत नव्हतं, म्हणून मी भ्यालो.' किंवा, 'अनोळखी फोन आला. बाई फार गोड बोलत होती. मला वाटलं घरात काहीतरी झालंय आणि ही हळूहळू सांगणार आहे. ती मोबाईलची स्कीम सांगत होती. ती सांगत होती तोवर मी खाली बसलो होतो.'

आठवड्यातून दोनदा वही माझ्यापुढं येई. "ढिलं पडलंय का कुठं, बघा." वाक्य म्हणजे त्यांच्या लेखी नटबोल्टच. मी एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की खिशातलं दुसरं पेन काढून तिथल्या तिथं आवळायचे. मी एकदा विचारलं, "मामा, इतकं भिता, मग तेच लिहीत कशाला बसता?"

"भ्यालेला माणूस नीट बघतो, साहेब. ज्याला भ्याच न्हाई, त्याला काय दिसणार?"

माझी एक कविता एका दिवाळी अंकात छापून आली होती. एकच. पण तेवढ्यावर माणूस गुरू व्हायला तयार होतो. मी शिकवायला लागलो. वाक्य आखूड करा. विशेषणं कापा. 'मला भीती वाटली' असं सारखं लिहू नका. मामा मान हलवत ऐकत, घरी जाऊन विचार करत, आणि दुसऱ्या दिवशी म्हणत, "काल तुमी जे बोलला त्ये पटलं, पण निम्मंच." खरं सांगतो, दीड-दोन वर्षांत ते फार चांगलं लिहायला लागले. मला थोडा हेवाही वाटायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात 'निअर मिस' नावाचं कार्ड असतं. अपघात होता होता टळला तर ते भरायचं. दर महिन्याला प्रत्येक शॉपनं काही कार्डं द्यावीच लागतात, म्हणून लोक 'फरशीवर तेल सांडले होते' असं लिहून मोकळे होतात. त्या कार्डांवर विश्वास ठेवला तर आमचा कारखाना एव्हाना तेलावर तरंगायला हवा. ही कार्डं माझ्याकडे येतात. मी ती नीटनेटकी करून, टाईप करून वर पाठवतो.

प्रेसचा ठोका पडायला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, म्हणजे हात आत राहत नाहीत. एका उन्हाळ्यात मामांनी कार्ड आणून दिलं. त्यावर लिहिलं होतं: 'चार नंबरच्या प्रेसनं आज एक ठोका आपल्या मनानं मारला. दोन्ही हातांची बटणं मी सोडली होती. प्रेस वर जाऊन थांबली होती. पार्ट काढायला मी हात घालणार, तेवढ्यात मला शिंक आली. शिंक संपायच्या आत ती खाली येऊन परत वर गेली आणि काहीच झालं नाही अशी उभी राहिली. मी हात खिशात घातले. बराच वेळ काढले नाहीत.'

मी ते सुधारलं. 'प्रेस क्र. ४ मध्ये एक अतिरिक्त स्ट्रोक आढळला. दुखापत नाही. तपासणी करावी.'

मामांनी वाचलं. "चांगलं झालंय. पण साहेब, ह्यात भ्या कुठं ऱ्हायलं?"

"रिपोर्टात भीती नसते मामा. मुद्दा असतो."

"व्हय," ते म्हणाले, "तुमाला कळतंय त्यातलं."

मेंटेनन्सवाल्यांनी अर्धा तास प्रेस चालवून पाहिली. तिनं शहाण्यासारखे ठोके दिले. 'तपासले, दोष आढळला नाही' असा शिक्का बसला.

तीन आठवड्यांनी दुसरं कार्ड आलं. कार्ड पुरलं नव्हतं, मागं वहीचं पान जोडलं होतं. पुन्हा तसाच ठोका. या वेळी शिंक नव्हती, फक्त हातमोजा अडकून उशीर झाला म्हणून हात बाहेर होता. शेवटची ओळ होती, 'ही एक दिवस कुणाचा तरी हात घेणार. माझा नाहीतर दुसऱ्याचा. ती घाई करत नाही.'

ती ओळ वाचून मी कागद टेबलावर पालथा ठेवला. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, वाक्य भडक झालंय म्हणून वाचवत नाही. मी ती ओळ खोडली. "रिपोर्टात भाकीत करत नाहीत मामा," म्हणालो. त्यांच्या तळव्याचा घाम कागदाला लागून एक कोपरा ओला झाला होता. टाईप केलेल्या कागदावर तो उमटला नाही. वरून पुन्हा तोच शिक्का आला.

केडगावला भाचीचं लग्न होतं म्हणून मामांनी दोन दिवस रजा घेतली. चार नंबरवर बिहारकडचा एक माणूस उभा केला. चाळिशीचा, कामाला चोख, कुणाशी फार बोलत नसे. दुपारी अडीचच्या सुमारास मी टेबलापाशी होतो, आणि प्रेस शॉपचा आवाज बंद झाला. कारखान्यात काम करणाऱ्याला आवाजाची भीती वाटत नाही, तो थांबला की वाटते. मी धावलो. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. तो ओरडत नव्हता. फक्त प्रत्येकाला सांगत होता, "मैंने बटन छोड़ दिया था, साहब. छोड़ दिया था."

गाडी त्याला घेऊन गेल्यावर मी जागेवर आलो आणि मी टाईप केलेली दोन्ही कार्डं काढून वाचली. व्याकरण निर्दोष होतं.

चौकशी बसली. मोठ्या साहेबांनी तीच दोन कार्डं हातात धरली. "यात तर काही विशेष दिसत नाही. 'तपासणी करावी.' इतकं गंभीर होतं, तर असं लिहिलं असतं का कुणी?" खोलीत सहा-सात जण होते. मला बोलायचं होतं. मी समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायलो. एवढंच केलं.

मग एक टाईप केलेला जबाब तयार झाला. मशीन ठीक होतं, एक हात मोकळा राहावा म्हणून ऑपरेटरनं एक बटण दाबून अडकवून ठेवलं होतं, अशी आमच्या प्रेसवर पद्धतच पडली होती, असा. त्या प्रेसवर रोज काम करणारे मामा होते, म्हणून खाली सही त्यांची हवी होती. रजेवरून आल्या दिवशीच त्यांना कागद दिला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

"ह्याच्यावर सही केली तर त्या माणसाची बोटं बी गेली आन् वरनं चूक बी त्याचीच. मी माझं मी लिवून देतो."

नंतर शॉपमध्ये लोक म्हणायचे, मामा काय धीराचा माणूस. असं म्हणणाऱ्यांनी त्यांना त्या दुपारी पाहिलेलं नाही. ते दोनदा बाथरूमला जाऊन आले. मला म्हणाले, "साहेब, लिहून हुईपर्यंत जवळ बसा. मला लई भ्या वाटतंय." रिकाम्या कँटीनमध्ये मी त्यांच्यासमोर बसलो. घामानं पेन निसटत होतं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेला माणूस मालकाच्या मर्जीविरुद्ध लिहायला बसला, की प्रत्येक शब्दाला किती वेळ लागतो ते मी पाहिलं. दीड पान व्हायला तासाच्या वर गेला.

"ढिलं पडलंय का कुठं, बघा."

मी वाचायला लागलो. लाल पेन माझ्या खिशातच होतं. शिंक त्यात होती, हातमोजा होता, खिशातले हात होते. 'मी घाबरून लिहितो आहे, पण जे झालं तेच लिहितो आहे. बटणं सोडल्यावर ती दोनदा खाली आलेली मी बघितली आहे. त्या माणसानं बटण सोडलं असणार. मीही सोडलं होतं. माझी बोटं आहेत, त्याची नाहीत, एवढाच फरक.' कुठंच ढिलं नव्हतं.

शेवटी चार ओळी होत्या. 'या आधी मी दोन कार्डं दिली होती. ती वाचून कुणाला भीती वाटली नाही. भीती मला नीट लिहिता आली नाही. तो दोष माझ्या भाषेचा आहे.'

मी वर पाहिलं. "मामा, हे..."

"ऱ्हाऊ द्या तेवढं तसंच," ते म्हणाले. "तुमी बी भ्यालाय. मला दिसतंय की."

सबंध दीड पानात खोटी अशी तेवढीच एक जागा होती आणि ती माझ्यासाठी होती. एक रेघ मारायला क्षणसुद्धा लागला नसता. मी म्हणालो, "नाही मामा, कुठं ढिलं नाही." आणि खाली 'वाचून पाहिले' असं लिहून सही केली.

त्या कागदामुळं प्रेस पुरी खोलावी लागली. आत ठोका थांबवणाऱ्या क्लचमधली एक स्प्रिंग तुटलेली सापडली. बिहारचा तो माणूस आता स्टोअरला बसून काम करतो, डाव्या हातानं लिहायला शिकतोय. मामांना कुणी काही बोललं नाही. फक्त प्रेसवरून काढून स्क्रॅप यार्डात उन्हात उभं केलं. सहा महिन्यांनी त्यांनीच राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. जाताना माझ्याकडे आले, तेव्हा मी मीटिंगमध्ये आहे असं सांगायला लावलं. मी मीटिंगमध्ये नव्हतो. पुढं दोनदा त्यांच्या वस्तीवर जायला म्हणून मोटारसायकल काढून न्हावऱ्यापर्यंत गेलो आणि चहा पिऊन परत आलो.

परवा ऑडिट होतं. बाहेरून आलेल्या ऑडिटर बाईंनी जुन्या अपघातांच्या फायली मागितल्या. मामांचा जबाब त्या वाचत होत्या आणि मी पलीकडे उभा होतो. वाचून झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचला.

"कोण हो हे? इतकं चांगलं लिहितात, आणि म्हणतात दोष माझ्या भाषेचा."

खरं सांगायला हीच वेळ होती, आणि परक्या माणसाला सांगणं सोपंही होतं.

"जुने ऑपरेटर होते," मी म्हणालो. "स्वभावानं जरा नम्र होते." आणि फाईल त्यांच्या हातातून घेऊन परत कपाटात ठेवली.