पिवळ्या पट्ट्यावरची पहिली सही

त्या आठवड्यात संगवियनला एका जागी बसवत नव्हतं. पिंपात हात घालायची, तांदूळ चिवडायची, हात पुसायची, आणि दाराशी जाऊन आली की पुन्हा पिंपात हात. आंबायला घातलेला तांदूळ दिवसातून दोनदा धुतला की पुरे होतो, ती चार-चारदा धूत होती.

"आई, तांदूळ आहे तो, पाप नाही," तिची मुलगी वान म्हणाली. "किती धुशील?"

वान हसत म्हणाली, पण संगवियनला ते झोंबलं. पापच होतं ते, आणि येत्या बुधवारी नगरपालिकेच्या सभागृहात सगळ्या गल्लीसमोर उघडं पडणार होतं. वानला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बँकॉकच्या पूर्वेला दीड तासावर, कालव्याकाठच्या आमच्या गल्लीत संगवियनची भट्टी आहे, तिच्या आजीपासूनची. तांदूळ तीन दिवस आंबवायचा, दळायचा, फडक्यात बांधून धोंड्यांखाली पाणी निथळू द्यायचं, मग गोळा अर्धवट उकडून कुटायचा आणि भोकांच्या पितळी चकतीतून उकळत्या पाण्यात सोडायचा. बाहेर येते ती पांढरी, मऊ, लांबच लांब शेवई. खनोम चीन. लग्न असो की घरभरणी, ती नसेल तर आमच्याकडे पंगत बसत नाही. वाढताना कुणी ती तोडत नाही, कारण जेवढी शेवई लांब तेवढा संसार लांब. संगवियनचा स्वतःचा संसार सहा वर्षांत आटोपला, पण त्यात शेवईचा काही दोष नव्हता. नवराच तिने भिडेखातर केला होता. लग्न जमवणारी बाई तिसऱ्यांदा दारात आली, तेव्हा एवढ्या उन्हातून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ही हो म्हणाली.

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. आमच्या गल्लीत तिला सख्ख्या लेकीसारखं वाढवलंय. इथे कुणाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या अंगावर पाणी फेकण्यासारखं. आणि त्या बाबतीत संगवियन सगळ्या गल्लीची गुरू. अठ्ठावन्न वर्षांत तिच्या तोंडून सरळ 'नाही' आलेलं कुणी ऐकलं नव्हतं. देवळाच्या वर्गणीला हो, शेजारणीच्या मांजरीला सांभाळायला हो, दात दुखत असताना गाणं म्हणायलासुद्धा हो.

तर झालं होतं असं. उन्हाळा लागता लागता नगरपालिकेने शहराचा नवा आराखडा सभागृहाच्या भिंतीवर लावला. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने, सगळं रंगांत. हरकती आणि विनंत्या द्यायला नव्वद दिवस. संगवियन आणि शेजारचे न्हावी प्रयोंगकाका बघायला गेले. जुन्या नकाशात आमची गल्ली नारिंगी होती, नव्यात पिवळी झाली होती.

संगवियनला केवढा आनंद झाला! ती सोमवारी जन्मलेली, आणि सोमवारचा रंग पिवळा. सोमवारी ती पिवळं पोलकं घालते, सोडतीची तिकिटं काढते तीही पिवळं पोलकं घालून.

"बघा प्रयोंगदादा, माझा रंग आला."

"आणि माझा गेला," काका म्हणाले. ते गुरुवारचे, गुरुवारचा रंग नारिंगी. "नगरपालिकेत तुझा कोण बसलाय गं?"

रंगाखाली बारीक अक्षरांत काय लिहिलं होतं ते दोघांनीही वाचलं नाही. रंग शुभ असल्यावर अक्षरं कोण वाचतो?

चार दिवसांनी आरुणीबाई आल्या. गल्लीच्या तोंडाशी नव्या बंगल्यांची वसाहत झाली आहे, तिथे त्या राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड, हातात आंब्यांची पिशवी. त्यांच्याजवळ एक कागद होता.

"मावशी, गल्ली नकाशात पिवळीच राहावी, एवढीच विनंती करतोय आम्ही. शांत, स्वच्छ. तुम्ही इथल्या थोरल्या, पहिली सही तुमची."

चष्मा आत होता. पाहुण्या बाईला उभं ठेवून चष्मा शोधायचा, मग तिच्यासमोर तिचाच कागद तपासल्यासारखा वाचायचा? छे! शिवाय पिवळंच तर राहणार होतं. संगवियनने हसत हसत ठसठशीत सही केली आणि वर बाईंना दोन जुड्या शेवई दिली.

सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या सुट्टीत वान घरी आली. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती अकरा वर्षं होती. पहिल्या संध्याकाळी ती भट्टीपुढे बसली आणि म्हणाली, "आई, मला परत जायचं नाही. ही भट्टी मी चालवते." कारखान्यातून तिने बिनपगारी तीन महिने मागून घेतले होते, तेवढ्यात काय ते ठरवायचं होतं. संगवियन चुलीतला धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून पोटभर रडली. ही लेक परत यावी म्हणून तिने किती देवळांत हात जोडले होते, ते तिलाच माहीत.

आणि आठवड्याभराने वान परवाना आपल्या नावावर करून घ्यायला गेली ती तोंड उतरवून परतली.

"पिवळा पट्टा फक्त राहत्या घरांचा, त्यात भट्टी बसत नाही, आई. आराखडा मंजूर झाला की तू आहेस तोवर चालेल, पण परवाना दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, आत्तापासूनच नावबदल थांबवलेत. म्हणजे तू गेलीस की भट्टी गेली." तिने पाणी प्यायलं. "आपण विनंती द्यायची. गल्ली पुन्हा नारिंगी करा म्हणून. सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या."

संगवियनला आरुणीबाईंचा कागद आठवला. तिथल्या तिथे सांगितलं असतं तर? पण आंब्याच्या पिशवीपायी लेकीचा जन्म विकून बसले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ती म्हणाली, "हो, घेऊ की," आणि दुसऱ्या दिवशी वानने लिहिलेला कागद घेऊन दारोदार निघाली. एकानेही नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी हसत सह्या केल्या, बसायला पाट दिला, थंड पाणी दिलं. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

बुधवार उजाडला. सभागृहातले पंखे नुसतेच घुमत होते. थावोन नावाचे आराखड्याचे अधिकारी समोर बसले होते, पुढ्यात दोन फायली. पहिल्या रांगेत आरुणीबाई. संगवियन मधल्या रांगेत, पण बसली कसली होती! कधी पोलक्याचा काठ पिळायची, कधी पायातली चप्पल काढायची, कधी घालायची. वानने दोनदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"या गल्लीबद्दल दोन विनंत्या आहेत," थावोनसाहेब म्हणाले. "एक म्हणते पिवळं ठेवा. सत्तावन्न सह्या. दुसरी म्हणते नारिंगी करा. त्रेचाळीस सह्या." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि एकेचाळीस नावं दोन्हीकडे आहेत."

वसाहतीच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आमची गल्ली माना खाली घालून फरशी न्याहाळत होती.

"दोन्ही याद्यांत पहिलं नाव एकच आहे," साहेब म्हणाले. "संगवियनबाई कोण?"

वानचा हात गुडघ्यावरून निघाला. "आई?" ती हळूच म्हणाली. "तू?"

मागून प्रयोंगकाका कुजबुजले, म्हणजे त्यांना वाटलं ते कुजबुजताहेत. "अगं, त्या कागदावर तुझं नाव सगळ्यात वर होतं. आम्हाला वाटलं तुझंच काम आहे, म्हणून केली सही."

"मग मी दुसरा कागद आणला तेव्हा विचारलं का नाही?"

"कसं विचारणार? म्हटलं, हिचं मन बदललं असेल. उगाच तुला अवघडल्यासारखं नको व्हायला."

"बाई," साहेब म्हणाले, "तुमची खरी सही कुठली?"

संगवियन उभी राहिली. आरुणीबाईंनी वळून पाहिलं, हसल्या, हात जोडून नमस्कार केला. एका बाजूला तो नमस्कार आणि दुसऱ्या बाजूला लेक. संगवियनला आपला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ऐकू आला.

"दोन्ही माझ्याच आहेत. साहेबांना योग्य वाटेल ते करावं."

झालं. थोरलीने वाट दाखवली, मग काय विचारता! प्रयोंगकाका उठले, साहेबांना योग्य वाटेल ते. त्यांच्यामागे किराणावाली, तिच्यामागे तिची जाऊ. एकेक उठत होता, दोन्ही डगरींवर पाय ठेवून पुन्हा बसत होता.

थावोनसाहेबांनी फायली मिटल्या. "आठ दिवस देतो. ज्याला जे हवं ते नव्याने लिहून, सही करून आणा. नाहीतर दोन्हीकडची नावं मी दोन्हीकडून काढणार. मग सोळा विरुद्ध दोन उरतील."

त्या दोनात एक वान होती, आणि दुसरा पंक्चरवाला, आरुणीबाई आल्या तेव्हा गावाला गेलेला.

घरी आल्यावर वानने कपाटावरची बॅग खाली काढली आणि ओल्या फडक्याने पुसायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. संगवियन दारात उभी राहून म्हणाली, "वान, मी चुकले गं." वान म्हणाली, "चुकलीस त्याचं नाही. सांगितलं नाहीस." बॅग पुसून झाली तरी ती पुसतच राहिली.

शुक्रवारी सकाळी संगवियन उकळत्या कढईवर वाकून शेवई पाडत होती. चकती बसवलेलं पिठाचं फडकं दोन्ही हातांनी पिळायचं, हात गोल फिरवत राहायचं, मध्ये थांबलं की धार तुटते. वान चुलीशी बसली होती, जेवढ्यास तेवढं बोलत. तेवढ्यात आरुणीबाई आल्या, आंबलेल्या तांदळाच्या वासाने नाकाला रुमाल लावून आणि तरीही हसत. जणू बुधवार उजाडलाच नव्हता.

"मावशी, पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न आहे. दोनशे जुड्या लागतील. मला बाहेरची नको, तुमच्याच हातची हवी. मुलाचा संसार लांब व्हायला हवा ना!"

संगवियनच्या जिभेवर 'हो' येऊन बसला होता. आयुष्यभर तो तिथेच राहायला होता. तिने वर पाहिलं. वान तिच्याकडे बघत नव्हती, बघण्याची गरजच नव्हती, तिला उत्तर ठाऊक होतं. त्या न बघण्याचा संगवियनला इतका राग आला, स्वतःचाच आला, की तिचे कान तापले.

"नाही," ती म्हणाली.

आरुणीबाईंना कळलंच नाही. "त्या दिवशी दुसरीकडची ऑर्डर आहे का? मग आपण आदल्या दिवशी..."

"दुसरीकडची नाही. मला द्यायची नाही." शेवईची धार तुटली होती. तोंड आता थांबेना. "तुमच्या सुनेचं चांगलं व्हावं, मनापासून म्हणते. पण ही शेवई इथेच होते बाई, याच वासात. माझ्या लेकीची भट्टी बंद करायची आणि तिच्याच शेवईने तुमच्या लेकाचा संसार लांब करायचा, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. त्या कागदावर मी रंग बघून सही केली. न वाचता केली. ती चूक माझी, तुमची नाही."

आरुणीबाईंचा रुमाल खाली आला. त्या लाल झाल्या होत्या. "तुम्ही हसत सही केलीत," त्या म्हणाल्या. "वर शेवई दिलीत. मला वाटलं, तुम्हालाही या कामाचा कंटाळा आलाय." मग काय करावं ते न सुचून त्यांनी नमस्कार केला आणि निघून गेल्या.

संगवियन खाली बसली आणि रडायला लागली. एका भल्या बाईला दारातून रिकामं पाठवलं, याची तिला लाज वाटत होती, अगदी खरीखुरी. वान उठली, कढईवर उभी राहिली, फडकं उचललं आणि तुटलेली धार पुन्हा सोडली. "हात गोल फिरव," संगवियन रडता रडता म्हणाली. "गोल."

प्रयोंगकाकांचं दुकान भिंतीला भिंत लागून. त्यांची कात्री गिऱ्हाइकाच्या डोक्यावर थांबली होती ती थांबलीच, अर्धी हजामत तशीच सोडून ते किराणावालीकडे गेले. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास दारात पंधरा-वीस माणसं जमली, मागून आणखी येत होती. पुढे काका.

"संगवियन, तू नाही म्हणालीस म्हणे."

"म्हणाले."

"तोंडावर?"

"तोंडावर."

काकांनी घसा साफ केला. "मग आमचंही लिहून घे. नारिंगी म्हणजे नारिंगी. आरुणीबाईंनी विचारलं तर सांगू, संगवियनने सुरुवात केली."

"सांगा," ती म्हणाली.

वानने नवा कागद आणून पाटावर ठेवला आणि पेन आईच्या हातात दिलं. बॅग पुन्हा कपाटावर गेली होती, पण कधी, ते संगवियनला समजलं नव्हतं.

"पहिली सही तुझी," काका म्हणाले. "वर तुझं नाव असलं की आम्हाला बरं पडतं."

"वान, माझा चष्मा आण."

चष्मा आला. संगवियनने तो पोलक्याच्या टोकाने पुसला, नाकावर चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती, छत्र्या उघडल्या जात होत्या, कुणाचं दुकान उघडं पडलं होतं, कुणाचं दूध उतू जात होतं.

"अगं, तुझ्याच पोरीने लिहिलंय," काका म्हणाले. "कर ना सही, ऊन चढतंय."

"नाही," संगवियन म्हणाली, बोट न उचलता. "आधी वाचते."