हडळीचा ओला हात

स्वतःच्या गालावर दोन बोटं टेकवायची आणि म्हणायचं, "इथं लागलं पायजे, वयनी. डोळ्याला काय, कायपण दिसतं." हे शेजारच्या भाऊंनी मला इतक्या वेळा ऐकवलंय, की आजही कुणी गालाला बोट लावलं की माझं डोकं उठतं.

रत्नागिरीत आमच्या कुंपणाला कुंपण लागून त्यांचं घर. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. सगळी आळी त्यांना भाऊ म्हणायची. असा शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल, ज्याच्या लेखी जगात कुठलीच वस्तू टाकाऊ नसते. मोडकी छत्री मी मागच्या दारी ठेवावी, तर महिन्याभरात ती वटवाघूळ होऊन पंख फडफडवायची.

हा सगळा खटाटोप आनंदमेळाव्यासाठी. दिवाळी झाली की आमचं महिला मंडळ शाळेच्या मैदानावर तो भरवायचं, आणि तिथल्या लांबलचक पडवीत भाऊ आपलं 'भुयार' उभारायचे. बांबू, गोणपाटं, काळा कागद. मासळीच्या हातगाडीवर चार पोरांना बसवायचं आणि भाऊंनी पलीकडून दोरीनं गाडी अंधारात ओढायची. तोंडावरून ओला काथ्या फिरायचा, छत्र्या फडफडायच्या, आणि शेवटच्या वळणावर हडळ बसलेली असायची. वायपरच्या मोटरवर तिची मान कर्रर्र करत वळायची आणि ओल्या रबरी हातमोज्याचा हात एकेकाच्या गालाला लागायचा. मग जी किंकाळी उठायची, ती पार बाजारपेठेत ऐकू जायची.

मी तेव्हा मंडळाची सेक्रेटरी. वय पस्तीस, आणि दोन वर्षं मुंबईत राहून आल्यामुळे सगळं जग पाहून झालेलं. खांद्याला पर्स, तोंडी 'मॉडर्न' हा शब्द आणि मानेवर हा एवढा थोरला अंबाडा. टीव्ही आणि व्हिडिओ नुकतेच भाड्यानं मिळायला लागले होते. मी सभेत उभी राहून भाषण ठोकलं, "त्या पेटीत जगातली सगळी भुतं रंगीत येतात. एका हडळीसाठी मुलांना माशांच्या गाडीत कशाला बसवायचं?"

भाऊ दारात उभे होते. "वास येतो काय तुमच्या भुतांना?"

"वास तुमच्या गाडीला येतो, भाऊ."

"मग? तोच म्हणतोय मी."

असल्या माणसाशी वाद कसा घालायचा, सांगा! शेवटी ठरलं की यंदा दोन्ही होऊ देत. वर्गात व्हिडिओ, पडवीत भुयार. पण आदल्या वर्षी गाडी मध्येच अडकून चार पोरं हडळीसमोर रडत बसली होती. तसं पुन्हा झालं, भुयार मध्येच बंद पडलं, तर पुढच्या वर्षी पडवी मिळायची नाही. भाऊंनी मान डोलावली आणि निघून गेले. बायको गेलेली, मुलगा मुंबईला. वर्षभर तो माणूस त्या एका दिवसासाठी ठोकाठोक करत असायचा, हे आळीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मलाही होतं. दुपारची झोप माझीच मोडायची.

मेळाव्याला आठवडा उरला असताना ते कुंपणापाशी येऊन ओरडले, "वयनी, केस हवेत!"

"कुणाचे?"

"तुमचे. ते खोटे!"

समोरच्या तिन्ही खिडक्यांत तीन बायका. माझा अंबाडा अर्धाअधिक गंगावनाचा आहे, हे त्या दिवशी आळीला कळलं. मी गंगावन आणून त्यांच्या अंगावर फेकलं. दिलं नसतं, तर त्यांनी आणखी मोठ्यानं मागितलं असतं.

मेळाव्याच्या दिवशी व्हिडिओ उत्तम चालला. पोरं मुकाट बसून बघत होती. इतकी मुकाट, की मीच दोनदा आत डोकावून आले. बाहेर पडवीतून मात्र किंकाळीवर किंकाळी. आणि मग एकदम सगळं थांबलं.

मी लगबगीनं गेले. खोटं कशाला सांगू, दोन तिखट वाक्यं जुळवतच गेले. आत भाऊ हडळीला मांडीवर घेऊन बसले होते. जळका वास येत होता.

"मोटर गेली," ते म्हणाले.

बाहेर पोरं रांगेत उड्या मारत होती. भाऊंनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी असेल असं मला वाटलं होतं. कसली विनवणी! त्यांनी मला खालपासून वरपर्यंत मापलं.

"उंची बरोबर आहे. बसा."

"मी? अहो, मी सेक्रेटरी आहे!"

"बसा वो. पोरं खोळंबलीत."

मी का बसले, ते अजून मला सांगता येत नाही. गंगावन तसंही माझंच होतं.

पहिली गाडी गेल्यावर गोणपाटाआडून आवाज आला, "मान एवढ्या झटक्यानं नाय वळवायची. माणसासारखी वाटते."

"मी माणूसच आहे, भाऊ!"

"तेच चुकतंय."

संध्याकाळपर्यंत मी बादलीत हात बुडवत होते आणि गालांना लावत होते. ऊबदार गाल, चिकट गाल, एक तर सर्दीनं भरलेला. एक पोरगी किंचाळली, "हडळीला पावडरचा वास येतोय!" आणि दोरीच्या टोकाशी भाऊ खूश. "बघा! वास आला!" तोवर वर्गातला व्हिडिओवाला एकटाच आपली भुतं बघत बसला होता.

शेवटी रांग संपली. मी उठणार, तर भाऊ म्हणाले, "थांबा. मी कधी आतून बघितलंच नाय. दोरी माझ्याच हातात."

अध्यक्षबाईंनी दोरी ओढली. गाडी वळणावर आली. गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी कडा धरून भाऊ बसले होते. मी मान अगदी सावकाश वळवली आणि त्यांच्या गालाला हात लावला. दाढीची खुंटं हाताला लागली.

"उशीर झाला," ते म्हणाले. "हात जरा आधी यायला पायजे."

गाडी पुढे गेली. मी दात-ओठ खात बसले. आणि मग वळणापलीकडून, पार उशिरा, भाऊंची किंकाळी आली. लांबलचक, पोरासारखी.

मंडळानं पुढच्या वर्षासाठी त्यांना पडवी देऊन टाकली. मीच ठराव मांडला. पण त्या पावसाळ्यात भाऊ गेले. भुयार उभारणारं कुणी नव्हतं, तरी त्यांची हातगाडी कुणीतरी पडवीत आणून ठेवली होती. मेळाव्याच्या दिवशी मी पाहिलं, तर भर उजेडात तिच्यावर चार पोरं चढून बसलेली. कुणी गाडी ओढत नव्हतं. डोळे मिटून, गाल पुढे करून नुसती बसली होती.

मी इकडेतिकडे पाहिलं, पर्स खाली ठेवली आणि पाण्याच्या बादलीत हात बुडवला.