वरून रेघही दिसत नव्हती

भवानी पेठेत बाळंतपण म्हटलं की अंबुबाई सुईण. अन् त्र्याहत्तर साली तिच्याच सुनेचं, शांतम्माचं, पहिलं बाळ आडवं आलं! दवाखान्यात पोट फाडूनच काढावं लागलं. अंबुबाईचं पार नाक कापलं गेलं. पण बाई वस्ताद. टाके सुकले तसं तिनं वणावर एरंडेल चोळायला घेतलं आणि पेठभर सांगत सुटली, "डॉक्टरनं फाडलं, मी भरलं!" आल्यागेल्या बाईपुढं बिचाऱ्या शांतम्माचा पदर बाजूला सारून म्हणायची, "बघा की, रेघ तरी दिसती का?"

दोन वर्षांनी शांतम्माला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "कळा सुरू व्हायच्या आत आणा. कातडं भरलंय, पण आतल्या पिशवीचा वण मांसासारखा ताणला जात नाही. कळांच्या जोरानं तो उसवला तर दोन्ही जीव जातील."

"माझं तेल आत मुरलंय," म्हणत अंबुबाई सुनेला घरी घेऊन आली. शांतम्मा भीतीनं अर्धी झाली, पण सासूपुढं बोलायची कुणाची टाप होती?

कळा सुरू झाल्या. शेजारची बनाबाई, आठवा महिना भरत आलेली, मुद्दाम बघायला येऊन बसली. अंबुबाईनं सुनेच्या पोटावर हात ठेवला. कळ आली, गेली, पोट सैल पडलं, तरी शांतम्माचं कण्हणं थांबेना. अंबुबाईनं आपल्या त्या लाडक्या वणाच्या जागी दोन बोटं टेकवली, तशी पोरगी किंचाळली. पुढच्या कळेनंतरही तेच. चारशे बाळंतपणं केलेल्या हाताला कळायचं ते कळलं आणि अंबुबाई दारात जाऊन ओरडली,

"कासीमचा टांगा आणा! पळा की मेल्यांनो, बघताय काय!"

दवाखान्यात मुलगी झाली. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वण इतका विरला होता की आतून बाळाचे केस दिसत होते. तुमच्या हातानं वेळेवर ओळखलं, आजी." अंबुबाई ढसाढसा रडली. असं कौतुक तिचं आजवर कुणी केलं नव्हतं.

पेठेला मात्र एवढंच दिसलं की अंबुबाईनं स्वतःची सून दवाखान्यात नेली. बारशाला आलेली बनाबाई अवघडून म्हणाली, "राग मानू नका, पण मीबी तिकडंच नाव घालावं म्हणते. तुमचाच तुमच्या हातावर भरवसा न्हाय, तर आमी कुटं ठेवायचा?"

अंबुबाईच्या जिभेवर लई काही आलं. मांडीवर नात झोपली होती.

"व्हय," ती म्हणाली. "कळा सुरू व्हायच्या आत जा."