पाच वर्षांची करमाफी

मेडशीच्या अलीकडं एका खेड्यात चतुराबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. शाळेचे गणवेश शिवणारा कारखाना गावात यायला तयार झाला, पण मालकानं पाच वर्षांची करमाफी मागितली. बदल्यात गावातल्या साठ बायांना काम. ठरावाला पहिला हात चतुराबाईंचा वर झाला. तेवढ्यावर न थांबता त्या दारोदार फिरल्या.

शेजारची कुलसुम विधवा. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. ती काही केल्या ऐकेना.

"मावशी, शाळंतली चूल माह्या हक्काची हाये. कारखान्याचा काय भरवसा?"

"अवं, मी हाये ना! ठरावावर सही हाये माही."

त्या शब्दावर कुलसुमनं चूल सोडली.

पाच वर्षं सुखाची गेली. कॉलर बसवण्यात कुलसुमचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेक नमरा सायकलवर हायस्कूलला जाऊ लागली. मग माफी सरली आणि महिन्याभरात मशिनी ट्रकात चढल्या. मालकाला दुसऱ्या जिल्ह्यात नवी माफी मिळाली होती. चतुराबाईंनी ठराव नातवाकडून वाचून घेतला. पाच वर्षांनंतर कारखान्यानं गावात थांबावं, असं त्यात एक अक्षर नव्हतं.

कुलसुमची जुनी जागा मागायला त्या शाळेत गेल्या. चुलीपुढं नवऱ्यानं टाकलेली लखमा खिचडी ढवळत होती.

"काय काम काढलं, मावशी?"

"काई नाई वं. पानी दे जरासं."

पाणी पिऊन त्या तशाच माघारी फिरल्या.

पुढं मालकानं हातात कसब असलेल्या दहा जणींना नव्या गावी बोलावलं. कुलसुम निघाली. नमरानं आसेगावला आजीकडं राहायचं ठरलं.

एसटी लागली तेव्हा चतुराबाईंनी तिचा हात धरला. "कुलसुम, मले दोन शिव्या तरी दे वं."

"कायले, मावशी? तुमाले तरी कुठं ठाव होतं?"

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे काही चतुराबाईंना सोसवलं नाही. पदर तोंडाशी धरून त्या उभ्या राहिल्या. एसटी गेली. नमरा रडली नाही. चतुराबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीनं तो हळूच बाजूला केला, पिशवी उचलली आणि आसेगावकडं जाणारी गाडी कुठं लागते, ते दुसऱ्याच कोणाला तरी विचारलं.