पसाभर मीठ

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. बंगळुरात, जयनगरात आमच्या शेजारच्या घरात पुण्याचा एक कॉम्प्युटरवाला राहायला आला. मॉरिशसला आठ दिवस काय जाऊन आला, परसात बेटच करायला घेतलं! पुस्तकात बघून बघून मातीचा कमरेएवढा ढीग. पायथ्याला वाळू, तो किनारा; तिथे नारळ नि केवडा. एक अंग पावसाचं, तिथे केळी, नेचे. दुसरं कोरडं, तिथे घायपात. आणि माथ्यावर, हसू नका हं, ढगांचं जंगल. ढग म्हणजे रबरी नळीला दाभणानं पाडलेली भोकं. प्रत्येक पट्ट्यात पत्र्याची पाटी. जणू आपण कुठे उभे आहोत ते झाडं वाचूनच ठरवणार होती.

मी मालवणकडची. आमच्या केवड्याला कुणी कधी पाटी लावली नाही. तरी बिचारा वाढला.

एकदा कुंपणाशी येऊन म्हणाला, "काकू, नारळ काही जोर धरत नाहीत."

माझं तोंड कधी गप्प बसलंय? म्हटलं, "अरे, आमच्याकडे नारळ लावताना खड्ड्यात पसाभर मीठ घालतात."

चार दिवसांनी त्याचा कानडी माळी हात जोडत आला. "अक्का, तुम्ही स्वल्प म्हणालात ना? साहेब म्हणतात, समुद्रात स्वल्प असतं काय? तीन पोती पसरली."

त्या संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस. आमचं परस त्याच्याहून खालच्या अंगाला. सगळा किनारा विरघळून कुंपणाखालून आला तो थेट माझ्या अनंताच्या मुळाशी. आई गेल्यावर माहेरचं घर विकलं, तेव्हा तिच्या दारच्या अनंताची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. माहेरचं तेवढंच उरलेलं.

आठवड्यात पानं कडेनं करपली. मी बादल्या ओतून ओतून माती धुतली. त्याला हाक मारून दाखवलं, तर खांदे उडवून म्हणतो, "पण काकू, तुम्हीच तर सांगितलंत!"

सांगितलं तर खरंच होतं. शहाण्याला पसा कळतो, याला पोतंच कळतं, एवढं मला तरी कळायला हवं होतं.

झाड काही सावरेना. त्याच्या दोन फांद्या डब्यात लावल्या, दोन्ही काळ्या पडल्या. शेवटची हिरवी उरली ती माळ्यानं बघितली. "अक्का, वर लावूया. तिथे मीठ नाही, आणि दिवसभर ओल."

वर म्हणजे, ज्याला मी महिनाभर हसले त्या ढगांच्या जंगलात! गेले. न जाऊन करते काय? मालक खुर्चीतून उठून आला. "काकू, पण हे झाड बेटावरचं नाही हो. पुस्तकात नाहीये."

"तू तरी कुठे आहेस रे पुस्तकात?" म्हटलं, आणि खोचली फांदी.

मग महिनाभर रोज सकाळी आंघोळ करून त्या ढिगाऱ्यावर चढत होते. नारळ तोवर मेले, केवडा वाळला, पाट्या तेवढ्या ताठ. आणि एके दिवशी फांदीला बोटभर पोपटी कोंब!

तो धावत आला. "काकू, काय घातलंत हिला?"

गोमूत्र, ताकाचं पाणी, सगळं जिभेवर आलं होतं.

"काही नाही," म्हटलं, आणि ओठ घट्ट मिटून घरी आले.