साठ सेंटीमीटरचा मेंढा

तेरेक-बुलाकमध्ये ओरोझबायशी ज्याचं कधी वाजलेलं नाही असा माणूस शोधायचा तर कबरस्तानात जावं लागेल, आणि तिथल्याही दोघा-तिघांची खात्री देता येत नाही. पावाची गाडी दहा मिनिटं उशिरा आली की भांडण. शेजाऱ्याचं गाढव रोजच्या वेळेआधी ओरडलं तरी भांडण, आणि तेही शेजाऱ्याशी नव्हे, गाढवाशी.

घड्याळाचं हे वेड त्याला नोकरीने लावलं, असं लोक म्हणतात. गावाच्या वर, जिथे आर्चाली नदी खडकांतून बाहेर पडते, तिथे सरकारची पाणी मोजायची चौकी आहे. चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि काठाशी पाण्यात रोवलेली, आकडे रंगवलेली उभी पट्टी. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि काराकोलला फोन करून सांगायचा. बावीस वर्षं ओरोझबाय हेच करत आला. नुसतं पाण्याकडे बघायचा पगार मिळतो म्हणून गाव त्याला हसायचं, आणि तो गावाला म्हणायचा की तुम्ही फुकट बघता, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही.

पण खरं सांगायचं तर हे वेड नोकरीच्या आधीचं. शाळेत वर्गाचा मॉनिटर होता मेलिस. त्याचं घर शाळेच्या भिंतीला लागून. पहिली घंटा ऐकून अंथरुणातून उठला तरी दुसऱ्या घंटेला वर्गात. ओरोझबाय वासरं कुरणात सोडून चार किलोमीटर चालत यायचा. मेलिस दारात वही घेऊन उभा असायचा आणि उशिरा येणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव ओरोझबायचं लिहून ठेवूनच दुसऱ्यांची वाट बघायचा. अकरा वर्षं ते नाव त्या यादीत राहिलं. पुढे मेलिस बिश्केकला जाऊन कुठल्याशा खात्यात कसलासा साहेब झाला आणि ओरोझबाय नदीकाठी घड्याळ घेऊन बसला.

या जुलैत शाळा सुटल्याला तीस वर्षं झाली म्हणून वर्ग गावात जमला. चौदा जण आले. पहिल्या दिवशी जेवणं झाली, गाणी झाली, मेलेल्या मास्तरांच्या आठवणीने रडणंही झालं. दुसऱ्या दिवशी करायला काही उरलं नाही तेव्हा कुणीतरी काढलं की शाळेत असताना गेलो होतो तसं कुमुश तळ्यावर जाऊ, एका दिवसात जाऊन परत. अकरा किलोमीटर वर, तेवढेच खाली, आणि चढ दीड हजार मीटरचा. तेव्हा सगळे काटक्या होते. आता एकटा कादिरच एकशे दहा किलोचा होता, आणि बाकीच्यांनीही शहरात उपास काढलेले दिसत नव्हते.

वाट ओरोझबायच्या पायाखालची, म्हणून बैठक त्याच्या अंगणात बसली. बुरुलने, त्याच्या बायकोने, चहा, पाव आणि जर्दाळूचा मुरंबा मांडला. ओरोझबायने खिशातून चौकटीचा कागद काढला आणि उभा राहून वाचायला लागला. पहाटे चारला निघायचं. चार वीसला नदी ओलांडायची. सहाला देवदारांचं रान संपतं, तिथे पाच मिनिटं बसायचं. आडवं व्हायचं नाही. दहाला तळं. अकराला परत फिरायचं, तळं दिसलेलं असो वा नसो, ज्याचा पाय जिथे असेल तिथून. अडीचला पुन्हा नदीवर. शिदोरीत पिठाचे तळलेले बोरसोक, कुरुताच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, खारट गोळ्या आणि थर्मासभर चहा. किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, घ्यायची नाही. नवे बूट घालायचे नाहीत. हे शेवटचं त्याने मेलिसच्या पायांकडे बघत वाचलं, कारण मेलिसच्या पायात तेव्हा नवे बूट होते.

चारच का, हेही त्याने सांगितलं. पूल तीन वर्षांपूर्वी वाहून गेला. नवा दर वर्षी मंजूर होतो, म्हणजे होत नाही. पाण्यातूनच जावं लागतं. हिमनदीवर ऊन पडतं आणि वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं. पहाटे नदी पोटरीपर्यंत असते, दुपारी चारला मांडीपर्यंत आणि संध्याकाळी सहाला घोडा पाडते. पट्टीवर साठचा आकडा बुडाला की माणसाने पलीकडेच राहायचं.

मेलिसने चहा संपवला, कप उलटा ठेवला.

"ओरोझ, अरे नदी आहे का आगगाडी? वेळापत्रक लावलंयस तिला."

"आगगाडी उशिरा येते. ही उशिरा येत नाही."

सगळे हसले, आणि दोघांचीही तोंडं आणखी आवळली. मेलिस म्हणाला की आम्ही सुट्टीवर आलोय, पलटणीत भरती व्हायला नाही; आठला आरामात नाश्ता करून निघू, सहा-साडेसहाला परत. पट्टीकडे बघून बघून माणूसही पट्टीसारखा ताठ होतो, असंही त्याने वर जोडलं. आनार, जी काराकोलच्या दवाखान्यात परिचारिका आहे, म्हणाली की माझं मत चारला, मला पोहता येत नाही. कादिरने विचारलं की चारला अंडी उकडून मिळतील का. मिळणार नाहीत असं कळल्यावर तो मेलिसच्या बाजूला गेला. हात वर झाले. आठच्या बाजूने अकरा, चारच्या बाजूने आनार आणि स्वतः ओरोझबाय. एक जण झोपला होता.

ओरोझबायने कागदाची घडी घातली. "मी येत नाही. पलीकडच्या काठावर रात्र काढायची हौस असेल तर काढा. सकाळी मी अलीकडून तुम्हाला मोजीन."

"पैज?" मेलिस म्हणाला. "आम्ही परत येईपर्यंत तुझे साठ झाले तर मेंढा मी आणीन. नाही झाले तर तुझा तो कापायचा." त्याने हनुवटीने गोठ्याकडे दाखवलं. तिथे बुरुलने हिवाळ्यासाठी पोसलेला जाड शेपटीचा मेंढा रवंथ करत होता. बुरुल आतून काही म्हणेपर्यंत ओरोझबायने हात पुढे केला होता.

येत नाही म्हणाला खरा, पण पहाटे साडेतीनला पाठीवर पिशवी घेऊन तो फाटकात उभा होता. कुणी सांगावं, चारला मत देणारी आनार तरी येईल. सव्वाचारला फोनवर आनारचा निरोप आला की झोप लागली, माफ कर. त्याने पिशवी आत ठेवली आणि बुरुलला सांगितलं की कुत्रा भुंकत होता म्हणून उठलो होतो.

आठ वाजून दहा मिनिटांनी तेरा जण गाणं म्हणत चौकीवरून गेले. पाण्यात उतरताना कादिरने बायकांसारखी किंकाळी फोडली आणि सगळे हसले. मेलिसने पलीकडे जाऊन नव्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि ओरडून आकडा विचारला. "छत्तीस," ओरोझबाय म्हणाला.

सकाळ त्याच्या मनासारखी होती. आकाश असं निळं की डोळे दुखावेत. नऊलाच दगड तापले. तो पट्टीसमोर खडकावर बसला आणि ऊन पडतंय तेही आपल्याच शहाणपणामुळे, अशा चेहऱ्याने वर बघत राहिला. अकराच्या सुमाराला खिंडीवर एक ढग आला. त्याने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. साडेबाराला तो ढग एकटा नव्हता. एकला वाऱ्याने चौकीचा पत्रा वाजायला लागला, आणि वरच्या सुळक्यांवर राखेसारखं काहीतरी उतरू लागलं. जुलैत वर बर्फ पडतं, यात नवल काही नाही. पण आज पडावं?

बुरुल जेवण घेऊन आली तेव्हा तो पट्टीपाशी गुडघ्यांवर वाकलेला होता.

"पाणी मोजताय, की त्याची मनधरणी करताय?"

तो म्हणाला, त्रेचाळीस झालंय, चढतंय.

"आनार पण आहे त्यांच्यात. पोहता येत नाही तिला. तुम्हाला ती बुडायला हवीय का?"

"बुडायला कशाला." त्याने पट्टीवरचा आकडा पुन्हा बघितला. "अडकायला. नुसतं अडकायला."

बुरुलने भांडं खडकावर आदळलं. तिने मेंढ्याचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. ती गेल्यावर तो जेवलाही नाही. वर गारठ्यात तेरा माणसं, त्यांतली अर्धी पातळ कपड्यांत, आणि आपण इथे बसून त्यांच्यासाठी ऊन मागतोय. पण ते त्यांच्या अंगावर पडावं म्हणून नव्हे, पायाखालचं बर्फ वितळावं म्हणून. हे त्याला कळत होतं. कळूनही तो मागतच राहिला.

चारला बेचाळीस. पाचला चाळीस. नदी त्याच्या डोळ्यांदेखत खाली सरकत होती, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पाण्याला शिवी दिली.

पावणेसातला पलीकडे माणसं दिसली. टोप्यांवर बर्फ होतं, कादिरचा गुडघा कुणाच्या तरी ओढणीत बांधलेला होता, पण तेराच्या तेरा होते. त्यांनी बूट हातात घेतले आणि पाण्यात उतरले. गाणं मात्र कुणी म्हणत नव्हतं. मेलिस सगळ्यांच्या शेवटी आला, लंगडत, टाचांवर नव्या बुटांचे फोड घेऊन. तरी पट्टीपाशी तो मुद्दाम थांबला.

"मोठ्याने वाच, ओरोझ. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

खोटं बोलायला जागाच नव्हती. पाणी मेलिसच्या पोटरीला लागत होतं. "एकोणचाळीस," ओरोझबायने वाचलं. आवाज त्याने काराकोलच्या फोनवर असतो तसाच ठेवला.

अंगणात आल्यावर मेलिस उदार झाला. सगळ्यांसमोर म्हणाला, "बुरुलवहिनी, मेंढा तुमचा तुम्हाला. मी सोडला. याला आधीच काय कमी झालंय." आणि गाडीचं दार उघडलं. सकाळी त्याला बिश्केकला ऑफिसात हजर राहायचं होतं, सात तासांचा रस्ता होता. बुरुलच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा रंग आला.

ओरोझबाय गोठ्यात गेला. मेंढ्याला शिंगाला धरून ओढत बाहेर आणलं आणि फाटकात, मेलिसच्या गाडीच्या नाकासमोर उभं केलं.

"बाता दे."

पाहुण्याने तळवे पसरून बाता, म्हणजे आशीर्वाद, दिल्याशिवाय मेंढ्याच्या मानेला सुरी लागत नाही. हे मेलिसला सांगायला नको होतं. तो म्हणाला, पुढच्या वेळी. ओरोझबाय हलला नाही. मेलिसने हॉर्न वाजवला. मेंढा दचकला, ओरोझबाय नाही.

"अरे, तू हरलास, मी सोडून दिलं. आता तरी गप बस की."

"हरलोय म्हणूनच. सोडणारा तू कोण? पुन्हा यादीत नाव लिहून ठेवायचंय का माझं, उधारीवर? हात वर कर."

पहिले तळवे कादिरने पसरले. तो भुकेला होता. मग आनारने, मग बाकीच्यांनी. बारा माणसं तळवे पसरून थकून उभी, आणि मेलिस स्टिअरिंग धरून बसलेला. शेवटी तो उतरला. हात वर केले, आणि दात आवळूनच म्हणाला, "या घरातली जनावरं वाढोत. आजारपण न येवो. घरधन्याला लांब आयुष्य मिळो." मग त्याला राहवलं नाही. "आणि त्याच्या नदीला पाणी भरपूर येवो, उद्यापासून."

"ओमीन," ओरोझबायने सगळ्यांच्या आधी तोंडावरून हात फिरवले, आणि सुरी मागितली. बुरुलने ती दिली, पण हातात नव्हे. पायरीवर ठेवली आणि आत गेली.

अंगणात चूल पेटली, कढई चढली. मांस शिजायला तीन तास लागतात, आणि ज्याच्या बात्याने मेंढा कापला गेला त्याने न जेवता उठायचं नसतं. मेलिस भिंतीला टेकून, अनवाणी, फोनवर बायकोला समजावत होता की नाही, तळ्यावरून आलो कधीच, नदीही ओलांडली, पण आता निघता येत नाही, कारण काय ते आल्यावर सांगतो.

ओरोझबायने चुलीतलं एक जळतं लाकूड बाहेर ओढून बाजूला ठेवलं. मंद आचेवर मांस जास्त चांगलं शिजतं, तो कादिरला म्हणाला.